राइनकाठचा द्राक्षमळा आणि वेदीवरचा प्याला



आपल्या मराठी बायबलातला 'द्राक्षारस' हा शब्द मोठा सोज्वळ आहे. कानाला तो उसाच्या रसासारखा, आमरसासारखा लागतो. काना गावच्या लग्नाचा धडा ऐकताना धर्मशिक्षणाच्या वर्गातली लहान मुले सरबताचे रांजण डोळ्यांसमोर आणतात. तीच मुले दृढीकरणाच्या वयाची झाली की हळूच विचारतात, "सर, म्हणजे ती वाइनच ना?" त्यांच्या आयाही न बोलता तेच विचारत असतात. ज्या घरात महिन्याचा पगार पहिल्या आठवड्यातच बाटलीत जातो, त्या घरातल्या बाईसाठी हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. व्यसन वाईट म्हणून प्रवचन द्यायचे आणि त्याच मिस्सात वेदीवर द्राक्षमद्याचा प्याला उचलायचा, हे कसे?

या प्रश्नाला आम्ही आज ईशज्ञानाच्या ग्रंथांतून उत्तर देत नाही. ते फादरांनी द्यावे. आम्ही फक्त इतिहासाच्या वाटेने एका लहानशा द्राक्षमळ्यापर्यंत आपल्याला नेणार आहोत. हा मळा जर्मनीत, राइन नदीच्या काठी, थंड हवेच्या प्रदेशात आहे, आणि त्याची मशागत आजही धर्मभगिनी करतात.

आधी त्या शब्दाचा उलगडा करू. द्राक्ष पिळले की रस निघतो, पण तो रस म्हणून फार काळ टिकत नाही. हवेतले आणि फळाच्या सालीवरचे सूक्ष्म किण्व त्यातली साखर खाऊ लागतात, रस फसफसतो आणि साखरेचे मद्यार्क होते. प्रभू येशूच्या काळी ही क्रिया थांबवण्याचा साधा उपाय नव्हता. पॅलेस्टाइनमध्ये द्राक्षांची काढणी उन्हाळ्याच्या शेवटी होते आणि वल्हांडण सण येतो वसंतात, म्हणजे मध्ये सहा महिने जातात. शेवटच्या भोजनाच्या प्याल्यात ताजा रस असणे शक्यच नव्हते. न आंबलेला रस बाटलीत टिकवण्याची युक्ती निघाली ती फार उशिरा, लुई पाश्चर यांच्या संशोधनानंतर. अमेरिकेतील थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ साली तापवून टिकवलेला द्राक्षरस प्रभुभोजनासाठी तयार केला. आपल्या अनेक प्रोटेस्टंट भावंडांच्या मंडळ्यांत आज जो गोड रस दिला जातो, त्याची सुरुवात तिथे झाली. दारूने उद्ध्वस्त होणाऱ्या कुटुंबांची कळकळ त्यामागे होती, हे आपण आदराने लक्षात ठेवले पाहिजे. कॅथलिक चर्चने मात्र जुनाच नियम पाळला आहे: वेदीवरचे द्राक्षमद्य द्राक्षांपासूनच झालेले, नैसर्गिक आणि न बिघडलेले असावे.

या नियमाचा एक परिणाम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जिथे मिस्सा, तिथे द्राक्षमद्य हवेच. मग जिथे द्राक्षे नीट पिकत नाहीत तिथे काय करायचे? केरळच्या किनाऱ्यावरील सेंट थॉमस ख्रिस्ती समाजाने वाळवलेली द्राक्षे भिजवून आपली गरज भागवली. उत्तर युरोपातल्या मठवासीयांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी वेलच थंडीत नेली.

वेल तिकडे पहिल्यांदा नेली ती रोमन लोकांनी. राइनला मिळणाऱ्या मोझेल नदीच्या काठी पीस्पोर्ट येथे रोमन काळातले मोठे द्राक्षकुंड उत्खननात सापडले आहे. रोमन साम्राज्य कोसळले, पण वेली टिकल्या, आणि त्यांना सांभाळणाऱ्यांत मठ सर्वांत पुढे होते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या चाळिसाव्या प्रकरणात द्राक्षमद्याचा विचार आहे. मठवासीयांनी ते पिऊच नये असे त्यांना मनापासून वाटे. पण माणसांची दुर्बलता ओळखून त्यांनी दिवसाला एक 'हेमिना' एवढे माप ठरवून दिले, म्हणजे आजच्या हिशेबाने पाव ते अर्धा लिटर. जे मुळीच पीत नाहीत त्यांना देव त्यांचे प्रतिफळ देईल, आणि जिथे एवढेही मिळत नाही तिथल्यांनी कुरकुर करू नये, असेही त्यांनी बजावले. म्हणजे मठांनी द्राक्षमद्य पिकवले, आणि त्याचे मापही त्यांनीच घालून घेतले. या दोन गोष्टी सोबतच जन्मल्या.

आता नकाशा पाहू. राइन नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. माइन्झ शहरापाशी टाउनुस डोंगर तिच्या आडवा येतो, आणि नदी काही कोस वळून पश्चिमेकडे जाते. या वळणाच्या उत्तर काठाला राइनगाऊ म्हणतात. इथल्या उतारांचे तोंड दक्षिणेला, म्हणजे दिवसभर सूर्याकडे. पाठीशी डोंगर असल्याने उत्तरेचा गार वारा अडतो. समोरचे रुंद पात्र दिवसाची ऊब धरून ठेवते. आपले बेळगाव सोळाव्या अक्षांशाच्याही किंचित खाली आहे, भारताचे अगदी उत्तरेचे टोक सदतिसाव्याच्या आसपास, आणि हा प्रदेश पन्नासाव्या अक्षांशावर. एवढ्या उत्तरेला द्राक्ष पिकणे म्हणजे डोंगर, नदी आणि माणूस या तिघांनी मिळून केलेले काम आहे.

या भागात इ. स. ११०० च्या सुमारास योहानिसबर्गच्या टेकडीवर बेनेडिक्टाइन मठ उभा राहिला. ११३६ साली संत बर्नार्ड यांच्या क्लेअरवो मठातून आलेल्या सिस्टर्शियन साधूंनी एबरबाख येथे मठ स्थापला आणि पुढे द्राक्षमद्याचा मोठा व्यापार उभारला. त्यांचे पिंप नदीने कोलोनपर्यंत जात. पलीकडच्या काठावरील इंगेलहाइमच्या राजवाड्यातून सम्राट शार्लमेनने पाहिले की समोरच्या एका टेकडीवरचा बर्फ सर्वांत आधी वितळतो, आणि म्हणून त्याने तिथे वेली लावायला सांगितल्या, अशी एक दंतकथाही इथे सांगतात. ती दंतकथाच आहे. पण बर्फ कुठे आधी वितळतो हे पाहून वेल लावावी, ही शेतकऱ्याची अक्कल तिच्यात खरी आहे.

आपल्या मळ्याची कथा सुरू होते ती संत हिल्डेगार्ड यांच्यापासून. त्यांचा जन्म १०९८ चा. लहानपणीच आईवडिलांनी त्यांना देवाला वाहिले. ११३६ साली त्या आपल्या भगिनीसंघाच्या प्रमुख झाल्या. साधारण ११५० साली सुमारे वीस भगिनींना घेऊन त्यांनी बिंगेन येथे, नाहे नदी राइनला मिळते तिथे, रुपर्ट्सबर्ग मठ उभारला. भगिनींची संख्या वाढली, तेव्हा ११६५ साली नदीपलीकडे आयबिंगेन येथे त्यांनी दुसरा मठ सुरू केला, आणि सत्तरीकडे झुकलेली ही मठमाता आठवड्यातून दोनदा नावेने राइन ओलांडून तिथे जाऊ लागली. दर्शने, स्तोत्रांचे संगीत, औषधी वनस्पती, सगळ्यांवर त्यांनी लिहिले. द्राक्षमद्याबद्दलही लिहिले, आणि तेही एखाद्या अनुभवी वैद्यासारखे: कडक द्राक्षमद्य तसेच पिऊ नये, त्यात पाणी घालावे; जे मुळातच हलके असते त्यात घालण्याची गरज नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ७ ऑक्टोबर २०१२ रोजी त्यांना चर्चच्या महापंडितांच्या मालिकेत स्थान दिले.

त्यांच्या आयुष्याचा शेवटचा प्रसंग आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळ येतो. ११७८ साली मठाच्या भूमीत एका उमरावाचे दफन झाले. त्याला पूर्वी चर्चमधून बहिष्कृत केले होते, पण मरणापूर्वी त्याचा समेट झाला होता. माइन्झच्या अधिकाऱ्यांना ते मान्य नव्हते. त्यांनी प्रेत उकरून बाहेर काढण्याचा हुकूम दिला. हिल्डेगार्ड यांनी नकार दिला आणि कबर ओळखू येऊ नये म्हणून तिच्या खुणाच पुसून टाकल्या. तेव्हा मठावर बंदी आली: उपासनागीते गायची नाहीत, ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नाही. भोवतालच्या उतारांवर द्राक्षे पिकत होती, आणि भगिनींना मात्र वेदीवरून काहीच मिळत नव्हते. ऐंशी वर्षांच्या त्या वृद्धेने आज्ञा पाळली, बंदी सोसली, पण पत्रे लिहून न्याय मागत राहिली. ११७९ च्या वसंतात बंदी उठली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला त्या प्रभूच्या घरी गेल्या. मेलेल्या माणसाची क्षमा परत घेता येत नाही, एवढ्यासाठी त्यांनी हे सारे सोसले. आपण रविवारी मिस्सा चुकवतो तेव्हा ही गोष्ट आठवावी, असे आम्हाला वाटते.

पुढचा इतिहास मोडण्याचा आणि पुन्हा उभे राहण्याचा आहे. तीस वर्षांच्या युद्धात, १६३२ साली, स्वीडिश सैन्याने रुपर्ट्सबर्ग जाळला. भगिनी संताचे अवशेष घेऊन वणवण करीत अखेर आयबिंगेनला आल्या. १८०३ साली जर्मनीतील मठांच्या मालमत्ता राजसत्तेने ताब्यात घेतल्या, आणि काही वर्षांतच आयबिंगेनचाही मठ बंद पडला. रुपर्ट्सबर्गचे उरलेसुरले अवशेष १८५७ साली रेल्वेसाठी फोडले गेले. आता संपले असे कोणालाही वाटले असते. पण विसाव्या शतकाच्या आरंभी आयबिंगेन गावाच्या वर, द्राक्षमळ्यांच्या मधोमध, नवा मठ बांधला गेला, आणि १९०४ साली प्राग येथील मठातून आलेल्या बेनेडिक्टाइन भगिनींनी तिथे वास्तव्य सुरू केले. १९४१ साली नाझी सरकारने त्यांना हाकलले. १९४५ साली त्या परत आल्या. तोच हा संत हिल्डेगार्ड मठ. त्याच्या मालकीचा द्राक्षमळा साधारण सहा-सात हेक्टरांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने सोळा-सतरा एकरांचा. अथणी किंवा विजयपूरकडच्या एखाद्या बऱ्या बागाईतदाराची बाग एवढी असते.

आमच्या धर्मग्रामातील काही जणांना यात्रेच्या निमित्ताने ऑक्टोबरच्या आरंभी तिथे जाण्याचा योग आला. ऱ्यूडेसहाइम गावातून चढण चढत गेलो. पिवळसर दगडाचे, दोन मनोऱ्यांचे भव्य मंदिर वर दिसते, आणि दाराच्या पायथ्यापासून खाली नदीपर्यंत वेलींच्या ओळीच ओळी. समोर राइन, पलीकडे बिंगेन. आपल्याकडे द्राक्षबाग म्हणजे डोक्यावरचा मांडव. इथे वेली माणसाच्या उंचीच्या तारांवर, भिंतीसारख्या उभ्या केलेल्या, दोन ओळींत उन्हाला मोकळी वाट. गार वारा होता. आम्ही स्वेटरवर शाल घेतली होती, आणि घड मात्र उन्हात पिवळे पडत लटकले होते.

भगिनी इथे छाटणी, बांधणी आणि काढणी स्वतः करतात. मदतीला काही कामगार आणि स्वयंसेवक असतात. दिवसातून अनेकदा घंटा झाली की काम थांबते आणि प्रार्थना सुरू होते. प्रार्थना करा आणि श्रम करा, ही बेनेडिक्टाइन शिस्त भिंतीवर लिहायची गरज तिथे पडत नाही.

मठाच्या दुकानात मळ्यातली वाइन मिळते. चाखण्याची तिथली रीत सांगतो, कारण ती आम्हाला धड्यासारखी वाटली. प्याल्यात दोन घोटांपुरतीच ओततात. आधी रंग पाहायचा: रिस्लिंग द्राक्षाची वाइन फिकट पिवळी, किंचित हिरवट. मग प्याला हलकेच फिरवून वास घ्यायचा: हिरवे सफरचंद, लिंबाची साल, पावसानंतरच्या दगडासारखा काहीसा गंध. मग छोटा घोट, तोंडात थोडा वेळ धरलेला. पहिल्यांदा आंबटपणाच जाणवतो, कोवळ्या कैरीच्या फोडीसारखा; मागून गोडवा येतो. थंड प्रदेशात फळ सावकाश पिकते, त्यामुळे त्याचा आंबटपणा शेवटपर्यंत टिकतो. उष्ण प्रदेशात साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा लवकर उतरतो. हीच त्या थंड हवेची करामत. दुसऱ्या प्याल्यात श्पेटबुर्गुंडर, म्हणजे पिनो न्वार, पातळ लाल, चेरीची आठवण देणारी. नको असेल तर घोट थुंकून टाकायला भांडे ठेवतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आमच्यातल्या दोघांनी मुळीच घेतली नाही. त्यांनी सफरचंदाचा रस घेतला. त्यांनाही कोणी विचारले नाही, का म्हणून.

एवढ्या थोड्यात एवढे लक्ष! आपल्याकडे मद्य म्हणजे काय ते आम्हाला त्या वेळी आठवले: अंधारात, घाईने, चव लागू नये म्हणून नाक दाबून घशाखाली ढकललेले. जो चव घेतो तो थांबू शकतो. जो विसरण्यासाठी पितो त्याला थांबता येत नाही.

याच राइनगाऊतली आणखी एक हकिकत. रिस्लिंग या द्राक्षाचा उल्लेख राइनच्या परिसरात १४३५ सालच्या हिशेबात सापडतो. योहानिसबर्गचा मळा पुढे फुल्डा येथील मठाधिपती-संस्थानिकांकडे आला आणि तिथे १७२० पासून मोठ्या प्रमाणावर रिस्लिंग लावले गेले. नियम असा की फुल्डाहून परवानगीचे पत्र आल्याशिवाय काढणी सुरू करायची नाही. १७७५ साली पत्र आणणारा घोडेस्वार कित्येक दिवस उशिरा पोहोचला. का, याच्या नाना कथा आहेत. तोवर घड बुरशीने सुरकुतून गेले होते. तरीही ते तोडले, पिळले, पिंपात भरले. पुढच्या वसंतात चाखले तर अशी वाइन तिथे कोणी चाखली नव्हती. ती बुरशी फळातले पाणी उडवून साखर घट्ट करते, हे मागाहून कळले. 'श्पेटलेझे', म्हणजे उशिराची काढणी, ही पद्धत तिथून रूढ झाली. उशीर झाला म्हणून पीक फेकून देणारे असते, तर हे कळलेच नसते. ज्या घरातला मुलगा बिघडला म्हणून आपण हात झटकून मोकळे होतो, त्या घरी ही हकिकत सांगावी.

आता छाटणीविषयी. आपल्या उष्ण हवेत वेल झोपतच नाही, म्हणून बागाईतदाराला वर्षातून दोनदा कात्री चालवावी लागते: एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. राइनकाठी वेल हिवाळ्यात पाने गाळून निजते. ऐन थंडीत, बोटे बधिर होत असताना, छाटणी होते, आणि वर्षभर वाढलेल्या काड्यांपैकी बहुतेक कापून टाकल्या जातात. एखादी-दुसरी काडी राखतात. पुढच्या वर्षीचा घड तिच्यावरच येतो. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू स्वतःला वेल आणि पित्याला माळी म्हणतो, ते वाचताना ही थंडीतली कात्री डोळ्यांसमोर आणावी. फळ न देणारी फांदी तोडली जाते, पण फळ देणारीलाही कात्री चुकत नाही.

मग त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर काय? आम्हाला जे दिसते ते असे. वेदीवर जे ठेवले जाते ते द्राक्ष आहे, आणि त्यासोबत कोणाचे तरी वर्षभराचे श्रम, थंडीतली छाटणी, पावसाची धास्ती, काढणीची घाई. ते देवाचे दान आणि माणसाची मेहनत म्हणून आपण अर्पण करतो. फादर त्यात पाण्याचे काही थेंब घालतात. आपल्या गावात जी बाटली घर फोडते, ती त्याच दानाची मोडतोड आहे. सुरी भाजी चिरते म्हणून कोणी सुरीचा गुन्हा माफ करीत नाही, आणि सुरीने खून झाला म्हणून कोणी स्वयंपाक बंद करीत नाही. पण ज्याच्या हातात सुरी देणे धोक्याचे आहे, त्याच्या हातात ती देऊ नये, हेही तेवढेच खरे.

म्हणूनच चर्चची शिकवण इथे फार मायाळू आहे. भाकरीच्या रूपात ख्रिस्त पूर्णपणे असतो. ज्याने व्यसनातून बाहेर यायचा निश्चय केला आहे त्याने प्याल्याला स्पर्श केला नाही, तरी त्याला काहीही उणे पडत नाही. व्यसनमुक्त होऊ पाहणाऱ्या धर्मगुरूंनाही महागुरूंच्या परवानगीने 'मुस्तुम', म्हणजे जेमतेम आंबू लागलेला द्राक्षरस, वापरता येतो. हे अनेकांना माहीत नसते. आपल्या ओळखीत कोणी अशा लढाईत असेल, तर त्याला हे जरूर सांगा. मिस्साला येताना त्याच्या मनात लाज असू नये.

आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरी लग्नात, नामकरणात, सणाला पेले भरले जातात, त्यांनी संत बेनेडिक्ट यांचे माप आठवावे. माप ठरवणाऱ्या त्या माणसाला द्राक्षमद्य निर्माण करणाऱ्याची भीती नव्हती. त्याला स्वतःची आणि आपली दुर्बलता ठाऊक होती, एवढेच.

पुढच्या रविवारी अर्पणाच्या वेळी छोटी कुपी वेदीकडे जाताना दिसेल, तेव्हा घाईने गीतपुस्तकात डोके घालू नका. क्षणभर पाहा. कोणत्या तरी उतारावर कोणी तरी थंडीत वाकून ती वेल छाटली आहे.

प्रभो, आमच्या घरांतली तोडलेली माणसे तुझ्या वेलीला पुन्हा जोड. जे व्यसनाशी झगडत आहेत त्यांना बळ दे, जे त्यांच्यामुळे सोसत आहेत त्यांना धीर दे, आणि आम्हा सर्वांना माप शिकव. आमेन.